जंताचं औषध दिल्यावर अंडी खायची की नाही, आणि ते "शून्य दिवस" प्रकरण

कोंबड्या पाळणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, "जंताचं औषध दिलंय, आता अंडी कधीपासून खायची?" आणि माझा उलटा प्रश्नही ठरलेला असतो, कुठलं औषध, किती दिलं आणि कसं दिलं? यावर बऱ्याचदा उत्तर येतं की "ते पांढरं लिक्विड असतं ना, शेळ्यांना देतात ते, पाण्यात टाकलं थोडं." बास, एवढंच. बाटलीवरचं नाव आठवत नाही, किती टाकलं ते मोजलेलं नाही, आणि मला मात्र दिवसांचा आकडा सांगायचाय. म्हणून आज एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवता येईल.

आधी हे सांगते की आकडे भरपूर फिरत असतात. कुणी सात दिवस म्हणतं, कुणी दहा, कुणी चौदा, कुणी म्हणतं काही सोडायची गरजच नाही, आणि गंमत अशी की यातला जवळपास प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या औषधासाठी, कुठल्या ना कुठल्या देशात खरा असतो. घोळ इथेच होतो. आकडा "जंताच्या औषधाचा" नसतो, तो त्या एका औषधाचा, त्या डोसचा, तो डोस कसा आणि किती दिवस दिला त्याचा, आणि कुठल्या पक्ष्याला दिला त्याचा असतो. यातलं एक काहीही बदललं की आकडा गेला. मैत्रिणीने सात दिवस सोडली म्हणून आपणही सात दिवस सोडायची, याला काही अर्थ नाही, जोपर्यंत तिची बाटली आणि आपली बाटली एकच नाही.

पण दिवस सोडायचेच कशाला, हे समजायला अंडं आत कसं तयार होतं ते बघावं लागतं, आणि मला हा भाग इतका आवडतो की थोडी जास्तच लिहीन.

आपण म्हणतो कोंबडी रोज अंडं देते, म्हणजे रोज एक अंडं बनवते. ते अर्धंच खरं आहे. बलक सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत साधारण २४ ते २६ तास लागतात, त्यात पांढरं चढायला तीनेक तास, मग आतली पातळ पापुद्र्यासारखी आवरणं, आणि टरफल चढायला जवळजवळ वीस तास. पण हे सगळं बलकाच्या बाहेरचं काम झालं. बलक स्वतः त्याआधी साधारण सात ते अकरा दिवस झपाट्याने वाढत असतो. अंडी घालणाऱ्या कोंबडीच्या पोटात एकाच वेळी लहानमोठे बरेच बलक उतरंडीसारखे रांगेत असतात, उद्याचा सगळ्यात मोठा, परवाचा त्याहून लहान, असं करत शेवटचा अगदी वाटाण्याएवढा. आणि या सगळ्यांत रोज थोडा थोडा माल भरला जातो. हा माल येतो यकृतातून, चरबी आणि प्रथिनं एकत्र बांधलेले बारीक कण रक्तातून वाहत येऊन बलकात जमा होतात, थरावर थर.

हे थर डोळ्यांनी बघता येतात. कोंबडीला चरबीत विरघळणारा लाल रंग एक दिवस खाऊ घालतात, मग पुढच्या काही दिवसांची अंडी गोळा करून कडक उकडतात आणि बरोबर मधून कापतात, की प्रत्येक बलकात लाल रंगाचं एक बारीक वलय दिसतं. लगेच घातलेल्या अंड्यात ते अगदी कडेला असतं, आठवडाभराने घातलेल्या अंड्यात आत मध्याजवळ. एकच दिवस खाल्लेला रंग, आणि तो कितीतरी दिवसांच्या अंड्यांमध्ये वाटला गेलेला. आता त्या रंगाच्या जागी औषध ठेवा.

जंतांची बरीच औषधं पाण्यापेक्षा चरबीत जास्त रमतात, म्हणजे ती यकृतात जातात, तिथून बलकात. पांढऱ्यात जे काही उतरतं ते त्या एकदोन दिवसांचं, पण बलकात गेल्या आठवड्याचा सगळा हिशोब साठलेला असतो. त्यामुळे "दोन दिवस सोडली, आता औषध उतरलं असेल, खाऊ या" हा विचार सगळ्यात जास्त फसवतो. कोंबडीच्या रक्तातून औषध बऱ्यापैकी उतरलेलं असू शकतं, पण रक्तात जास्त होतं तेव्हा जे बलक वेगाने भरत होते ते अजून बाहेर यायचेच आहेत. काही औषधांचं प्रमाण अंड्यात सगळ्यात जास्त होतं ते डोस संपल्यानंतर काही दिवसांनी, पहिल्या दिवशी नाही.

आता ते "शून्य दिवस".

फेनबेंडाझोल नावाचं औषध आहे, त्याचं कोंबड्यांसाठी बनवलेलं, पाण्यातून द्यायचं एक खास रूप मिळतं, अ‍ॅक्वासोल म्हणून, युरोप आणि अमेरिका दोन्हीकडे अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी त्याला मान्यता आहे आणि अंड्यांसाठी थांबायचे दिवस शून्य. तसंच फ्लुबेंडाझोल, ते खाद्यात मिसळून सात दिवस देतात, ब्रिटनमध्ये घरगुती कोंबड्या पाळणारे लोक वर्षानुवर्षं हेच वापरतात, त्यालाही ठरलेल्या प्रमाणात दिलं तर अंड्यांसाठी शून्य दिवस. हे वाचून लोक म्हणतात, म्हणजे अंड्यात औषध येतच नाही ना! येतं. शून्य दिवसांचा अर्थ इतकाच की येणारं प्रमाण सुरक्षिततेच्या मर्यादेच्या आत राहतं, औषध चालू असतानासुद्धा.

ही मर्यादा कशी बसवतात ते एकदा बघाच, म्हणजे विनाकारण घाबरायलाही होणार नाही आणि फार बिनधास्तही राहवणार नाही. फेनबेंडाझोल गटासाठी माणसाने आयुष्यभर रोज घेतलं तरी चालेल असं प्रमाण धरलंय दर किलो वजनामागे ७ मायक्रोग्रॅमपर्यंत. ६० किलोच्या माणसाला ते झालं दिवसाला ४२० मायक्रोग्रॅम. युरोपात अंड्यातली मर्यादा आहे किलोमागे १३०० मायक्रोग्रॅम, आणि हिशोब करताना असं धरतात की माणूस रोज १०० ग्रॅम अंडं खातो, म्हणजे साधारण दोन अंडी. म्हणजे मर्यादेला टेकलेली दोन अंडी रोज खाल्ली तरी १३० मायक्रोग्रॅम जाणार, ४२० मधले. उरलेली जागा मांस, दूध वगैरेंसाठी राखलेली, कारण हेच औषध इतर जनावरांनाही देतात. फ्लुबेंडाझोलची अंड्यातली मर्यादा किलोमागे ४०० मायक्रोग्रॅम. मला हा हिशोब पटतो, आणि लेबलाप्रमाणे दिलेलं असेल तर त्या दिवसांतली अंडी मी खाते, घरातल्यांनाही देते, त्यात मला काही चुकीचं वाटत नाही.

पण "लेबलाप्रमाणे" या शब्दावर सगळं उभं आहे हो.

समजा तुमच्याकडे आठ कोंबड्या आहेत, सरासरी १.८ किलोच्या. एकूण वजन १४.४ किलो. फेनबेंडाझोलचा मान्य डोस आहे किलोमागे रोज १ मिलिग्रॅम, सलग ५ दिवस. म्हणजे आठही कोंबड्या मिळून दिवसाला १४.४ मिलिग्रॅम. शेळ्यामेंढ्यांसाठी जे दहा टक्क्यांचं पांढरं लिक्विड असतं त्याच्या एका मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे आठ कोंबड्यांना लागणार ०.१५ मिलीच्या आसपास, इन्सुलिनच्या बारीक सिरिंजवर सुद्धा नीट बघून मोजावं लागेल इतकं. आणि लोक काय करतात, बाटलीचं झाकण भरून ओततात. पाच मिलीचं झाकण धरलं तर ५०० मिलिग्रॅम, म्हणजे एका दिवसाच्या डोसच्या जवळपास पस्तीस पट! आणि वर म्हणायचं की फेनबेंडाझोलला तर शून्य दिवस असतात. ते शून्य एक मिलिग्रॅमचं आहे, तुमच्या झाकणाचं नाही. डोस वाढला की अंड्यातलं प्रमाण वाढतं, आणि मग त्या शून्याला कुणीही जबाबदार नाही.

शिवाय अजून एक गोष्ट. फेनबेंडाझोल पाण्यात विरघळतच नाही. कोंबड्यांसाठीच्या त्या खास रूपात कण इतके बारीक केलेले असतात की ते पाण्यात तरंगत राहतात. शेळ्यांचं लिक्विड पाण्याच्या भांड्यात टाकून बघा, काचेचं भांडं घ्या म्हणजे स्वच्छ दिसेल, थोड्या वेळाने तळाशी पांढरा गाळ बसलेला असतो. सकाळी वरचं पाणी पिणारीला जवळजवळ काहीच मिळत नाही आणि संध्याकाळी तळ गाठणारीला भलताच डोस जातो. जंत राहिले ते राहिले, आणि एका कोंबडीच्या अंड्यात किती गेलं याचा कुणालाच पत्ता नाही.

खाद्यातून द्यायच्या औषधाचं वेगळंच. फ्लुबेंडाझोल एक टक्क्याची पावडर असेल तर किलोभर खाद्याला ३ ग्रॅम लागते, म्हणजे खाद्यात दर दहा लाख भागांत ३० भाग औषध. कोंबडी दिवसाला साधारण १२० ग्रॅम खाद्य खाते, आणि ते सगळं हेच खाद्य असेल तरच डोस पुरा पडतो. आपल्या मोकळ्या कोंबड्या मात्र दिवसभर किडे, गवत, स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं खाऊन पोट भरतात आणि औषधाच्या खाद्याला चोच लावून निघून जातात. त्या सात दिवसांत बाकी सगळे लाड बंद ठेवावे लागतात, नाहीतर डोस अर्धवट. आणि पावडर कोरड्या दाण्यावर नुसती भुरभुरवली तर ती खाली बसते, म्हणून थोडंसं खाण्याचं तेल लावून, आधी मूठभर खाद्यात मिसळून मग ते सगळ्यात मिसळायचं. हाताला ग्लोव्ह्ज घाला, तोंडाला मास्क लावा, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला हे मिसळायचं काम देऊ नका, या गटातल्या औषधांचा गर्भावर परिणाम नाकारता येत नाही, फेनबेंडाझोलच्या पत्रकात तशी सूचनाच असते. माझ्या मते ही सावधगिरी अंड्यांच्या प्रश्नापेक्षा मोठी आहे, कारण अंड्यात येणारं प्रमाण मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि हाताला लागणारं मिलिग्रॅममध्ये.

बाकीची औषधं बघू. लेव्हामिसोल. हे बऱ्याच ठिकाणी मिळतं, स्वस्तात काम करतं, जंतांना लुळं करून बाहेर काढतं. पण युरोपात अंड्यांसाठी याची मर्यादाच ठरवलेली नाही, म्हणजे माणसांनी अंडी खायची असतील तर त्या कोंबड्यांना ते द्यायचंच नाही. काही माणसांमध्ये लेव्हामिसोलमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली जातात, हे त्या औषधाबद्दल चांगलं माहीत असलेलं आहे. आयव्हरमेक्टिन, जे लोक मानेवर थेंब टाकून देतात, उवा, माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे), जंत सगळं एकदम जाईल म्हणून, ते चरबीत मुरणारं औषध आहे, सरळ बलकात जाऊन बसतं आणि बरेच दिवस राहतं. युरोपात त्याचीही मर्यादा सस्तन जनावरांपुरती आहे, कोंबडी आणि अंडी त्यात नाहीत. अल्बेंडाझोल फेनबेंडाझोलचं नातेवाईक, पण म्हणून फेनबेंडाझोलचे शून्य दिवस त्याला लावता येत नाहीत, त्याचे शरीरात तयार होणारे पदार्थ डोसनंतर कित्येक दिवस अंड्यात सापडतात. आणि पिपराझिन, यावरून तर देशांमध्येच एकमत नाही. युरोपात कोंबडीच्या अंड्यांसाठी त्याची मर्यादा आहे, किलोमागे २००० मायक्रोग्रॅम, आणि अमेरिकेत लेबलवर स्पष्ट असतं की खायची अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना देऊ नका. म्हणून दुसऱ्या देशातल्या कुणाचा आकडा उचलून आपल्याकडे लावू नका, तुमच्या हातातल्या बाटलीवर काय छापलंय ते वाचा.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, अहो हीच औषधं लहान मुलांना देतात की जंतासाठी, मग अंड्यातून चिमूटभर गेलं तर काय बिघडलं? खरं सांगायचं तर एका अंड्याने बहुधा काहीच बिघडणार नाही, आणि ज्यांनी खाल्लं असेल त्यांनी घाबरून जाऊ नये. पण मुलाला औषध देताना डोस माहीत असतो, वजन माहीत असतं, देणाऱ्याला माहीत असतं की आपण औषध देतोय. अंड्यातून जाणाऱ्याचं यातलं काहीच माहीत नसतं, आणि घरात एखाद्याला त्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल किंवा एखादी गरोदर असेल तर तिने ते घ्यायचं की नाही हे ठरवण्याची संधीच तिला मिळत नाही. मला खटकतं ते हे.

मग लेबलवर अंड्यांबद्दल काहीच नसेल, औषध दुसऱ्या जनावराचं असेल, आणि पशुवैद्याने तरीही तेच द्यायला सांगितलं असेल तर? तेव्हा दिवस त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचे, तोंडी नको. युरोपात २०२२ पासून लागू झालेल्या नियमात असं आहे की औषध अंडी देणाऱ्या पक्ष्यांसाठी मान्य नसेल तर पशुवैद्याने कमीत कमी १० दिवस अंडी थांबवायची, आणि दुसऱ्या पक्ष्यासाठी मान्य असून अंड्यांचे दिवस ठरलेले असतील तर त्याच्या दीडपट. बलक भरायला लागणारे ते सात ते अकरा दिवस आठवतायत ना, हे दहा त्याच्या जवळ येतात. अमेरिकेत पशुवैद्यांना असे दिवस काढून देणारी फराड नावाची एक वेगळी व्यवस्थाच १९८२ पासून आहे. पण दहा म्हणजे तळ आहे, त्याच्या खाली जायचं नाही असा, आणि भरमसाठ डोस दिला असेल किंवा आयव्हरमेक्टिनसारखं रेंगाळणारं औषध असेल तर दहा पुरतीलच असं नाही. दिवस मोजायचे शेवटच्या डोसपासून, पहिल्या नाही. पाच दिवसांचा कोर्स असेल तर पाचव्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी एक.

आणि हे फक्त पोटातून द्यायच्या औषधांचंच नाही. २०१७ मध्ये युरोपात नेदरलँड्स, बेल्जियमपासून सुरू झालेलं फिप्रोनिल या कीटकनाशकाचं प्रकरण आठवत असेल, लाखो अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली. ते औषध कोंबड्यांना खाऊ घातलेलं नव्हतं, लाल माइट्ससाठी शेडमध्ये वापरलेलं होतं, मान्यता नसताना. तेही चरबीत मुरणारं, अंगावरून आत गेलं आणि अंड्यात उतरलं. त्यामुळे खुराड्यात फवारायचं काहीही आणाल तेव्हा तोच प्रश्न विचारा जो जंताच्या औषधाला विचारता.

रोजच्या कामाचं बोलायचं तर माझी पद्धत साधी आहे. औषध सुरू केल्यापासून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने तारीख टाकायची, पेनाने नको, शाई टरफलातून आत जाऊ शकते. बाजूला काढलेल्या अंड्यांचा ट्रे वेगळा, तो चांगल्या अंड्यांच्या शेजारी ठेवायचा नाही, कारण घरात कुणी ना कुणी घाईत त्यातलं उचलतंच. भिंतीवर किंवा कॅलेंडरवर औषधाचं नाव, किती टक्क्यांचं, किती दिलं, पहिला आणि शेवटचा दिवस, हे सगळं लिहून ठेवायचं. हे लिहिलेलं असलं की सहा महिन्यांनी पुन्हा द्यायची वेळ आली तरी अंदाजाने काही करावं लागत नाही. आणि ज्यांना आपण अंडी देतो, शेजारी असोत की नातेवाईक, त्यांना थांबायच्या दिवसांत अंडी नकोत, अगदी आपण स्वतः "काही होत नाही" म्हणून खात असलो तरी. आपल्यापुरता निर्णय आपण घेऊ शकतो, त्यांच्यापुरता नाही.

बाजूला काढलेली अंडी परत कोंबड्यांनाच खाऊ घालणं हे बरेच जण करतात, वाया जाऊ नये म्हणून. नका करू. त्यातलं औषध परत त्यांच्याच पोटात, परत बलकात, आणि मोजलेले दिवस वाया. कुत्र्यालाही नको, विशेषतः आयव्हरमेक्टिन दिलं असेल तर, कारण कोली जातीच्या काही कुत्र्यांना ते औषध जन्मतःच झेपत नाही. फोडून, कचऱ्यात, आणि जनावरं उकरून काढणार नाहीत अशा पद्धतीने. औषध चालू असताना आणि नंतर दोनतीन दिवस खुराड्याखालची घाणही रोज काढायची, कारण त्यात मेलेले जंत असतात, जंतांची जिवंत अंडी असतात आणि उरलेलं औषधही असतं, आणि कोंबड्या तिथेच उकरत बसतात.

उकडून किंवा तळून औषध जाईल का, हाही नेहमीचा प्रश्न. नाही, त्यावर विसंबू नका. शिजवल्याने मरतात ते जिवाणू, साल्मोनेलासारखे, आणि त्यासाठी बलकही घट्ट होईपर्यंत शिजवणं चांगलंच. पण ही औषधं स्वयंपाकाच्या उष्णतेला बऱ्यापैकी टिकतात. धुण्याचा तर संबंधच नाही, औषध बाहेरून लागलेलं नसतं.

हां, आणि एक किळसवाणी पण बिनधोक गोष्ट. क्वचित कधी अंडं फोडल्यावर आत अख्खा जंत निघतो, पांढरट, शेवयांसारखा. मोठा गोल जंत आतड्यातून खाली येतो, मलमार्ग आणि अंड्याचा मार्ग शेवटी एकाच ठिकाणी उघडतात, तिथून तो चुकून वर चढतो आणि टरफल बनायच्या आधी आत अडकतो. तो जंत माणसात वाढत नाही. अंडं टाकून द्या, आणि तपासणी करून घ्या, कारण असं अंडं निघालं म्हणजे त्या कोंबडीच्या पोटात बरेच जंत असण्याची शक्यता आहे.

तपासणीवरून आठवलं, औषध देण्याआधी विष्ठेची तपासणी करून घ्या हो. ताजी घाण, वेगवेगळ्या कोंबड्यांची थोडी थोडी, डबीत घालून पशुवैद्याकडे. त्यात जंतांची अंडी मोजतात आणि कुठले जंत आहेत ते कळतं. मोठा गोल जंत आणि सीकमचा (आतड्याच्या बंद पिशवीतला) बारीक जंत यांना फेनबेंडाझोल चालतं, पण पिपराझिन फक्त पूर्ण वाढलेल्या मोठ्या गोल जंतांवरच नीट चालतं, आणि पट्टकृमी असतील तर त्याला वेगळंच औषध लागतं. चुकीचं औषध दिलं तर अंडीही गेली आणि जंतही राहिले. दर तीन महिन्यांनी डोळे मिटून औषध देत राहिलं तर जंत सरावतात हेही खरंय, टर्कीमधल्या गोल जंतांमध्ये फेनबेंडाझोलला दाद न देणारे जंत सापडलेत. लसूण, भोपळ्याच्या बिया, व्हिनेगर याबद्दल मला विचारतात तेव्हा मी सांगते की अंड्यात औषध येणार नाही हे खरं, पण भरपूर जंत झालेल्या कोंबडीला त्याने बरं करता येत नाही, आणि ती तोवर झिजत जाते, तुरा फिका पडतो, छातीचं हाड हाताला लागायला लागतं.

ज्यांच्याकडे तलंगा आहेत, म्हणजे अजून अंड्यावर आलेल्या नाहीत, त्यांना सगळ्यात सोयीची वेळ आहे. पण पहिलं अंडं पडायच्या आधीही बलक भरायला लागलेले असतात, त्यामुळे "अजून अंडी देत नाही" म्हणून अगदी शेवटच्या आठवड्यात औषध देऊन पहिली अंडी खायची हे बरोबर नाही. अंड्यावर यायच्या किती आठवडे आधीपर्यंत देता येईल हे काही लेबलांवर लिहिलेलं असतं. बदकं, लावे यांना कोंबडीचे दिवस लावू नका, त्यांचं लेबल वेगळं, नाहीतर पशुवैद्याला विचारायचं. खुडूक बसलेल्या कोंबडीखाली घालायची अंडी असतील तर खाण्याचे दिवस आणि उबवण्याचे दिवस हे दोन वेगळे प्रश्न आहेत, अल्बेंडाझोलसारखी औषधं वाढत्या गर्भाला त्रास देऊ शकतात, त्यामुळे पिल्लं काढायची असतील तर औषध निवडतानाच ते सांगा.

आणि औषध झाल्यावर दहा ते चौदा दिवसांनी घाणीची परत एकदा तपासणी. घाणीतल्या जंतांच्या अंड्यांची संख्या बऱ्यापैकी उतरली नसेल तर औषध लागू पडलेलं नाही किंवा डोस पोचलेला नाही, आणि पशुवैद्य दुसरा कोर्स सांगतील. तो सुरू झाला की खायच्या अंड्यांचा हिशोब परत त्या दुसऱ्या कोर्सच्या शेवटच्या डोसपासून, नव्या औषधाच्या नव्या दिवसांनी. पहिल्यातले उरलेले दिवस संपले नसतील तर दोन्हीतली जी तारीख पुढची असेल ती धरायची.